आज किती फूट?

पावसाळ्यात आमच्या घरी दिवस उजाडतो तो एकाच प्रश्नाने. "आयर्विनला आज किती फूट?" माझा मुलगा विचारतो आणि मी मोबाईलवर बघून सांगते. 18 म्हटलं की तो चहाकडे वळतो. 32 म्हटलं की पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो, मग पुन्हा. सांगलीत राहणाऱ्या कुणालाच या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका, हे नदीकाठच्या गावभागातल्या लहान पोरांनाही पाठ असतं. फरक इतकाच, की माझा मुलगा हे उन्हाळ्यातही विचारतो. लग्नाच्या पंगतीत विचारतो, केस कापताना न्हाव्याला विचारतो. तो ऑटिस्टिक आहे, 19 वर्षांचा आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याला विचारून मगच लिहायचं असं ठरवलंय, आणि त्याने अजून हो म्हटलेलं नाही.

मागच्या महिन्यात तासगाव तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. आवाज ओळखीचा होता. त्या बाईंची मुलगी बारा वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे, आणि तिच्या निमित्ताने आमची सात-आठ वर्षांची ओळख. "ताई, आमच्या आजूबाजूच्या गावांत अशी चार-पाच पोरं हाईत. त्यांच्या आयांसाठी कायतरी करावं म्हणतो मी. शाळेत जावं, साहेबांशी बोलावं. पण मी बारावीच शिकलोय. कुठला कोर्स करू?" मी तेव्हा एसटी स्टँडवर होते. गाडी लागली होती. दोन वाक्यं बोलून फोन ठेवला आणि मिरजेपर्यंत तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला. त्यांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

कोर्सचं आधी सांगून टाकते, ते थोडक्यात होतं. भारतीय पुनर्वास परिषदेचा 1992 चा कायदा आहे. विशेष शिक्षक, वाचा-उपचार तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांना त्या परिषदेची नोंदणी लागते. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणं हा गुन्हा आहे. निदान आणि उपचार ही त्यांची कामं, आपण त्यात हात घालायचा नाही. कुणी "मी थेरपी देतो" म्हणत आलं तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारायचा, न लाजता. मात्र एखाद्या आईसोबत शाळेत जाण्यासाठी, तिचा अर्ज लिहून देण्यासाठी, मुलाच्या बाजूने चार माणसांत बोलण्यासाठी कुठलाही कायदा पदवी मागत नाही. तिथे जे लागतं ते मला फार उशिरा कळलं, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे कळलं.

1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांच्या यादीत त्याला जागा दिली. तोवर आमच्यासारख्या कितीतरी घरांनी मुलांची नावं मतिमंदत्वाच्या रकान्यात घातली होती. नवा कायदा लागू झाल्यावर आम्ही पुन्हा प्रमाणपत्रासाठी गेलो. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. ऑटिझम मोजायला आपल्याकडे एक भारतीय मापनपट्टी आहे, 40 प्रश्नांची. प्रत्येक प्रश्नाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या आत आली तर ऑटिझम नाही, 153 च्या वर गेली तर तीव्र. टेबलापलीकडून प्रश्न येत होते आणि मला कळत होतं की मी जितकं वाईट सांगेन तितका आकडा वाढेल. आकडा वाढला तर सवलत, नाहीतर पुन्हा खेटे. दोन तास रांगेत काढले होते. मुलगा पंख्याच्या आवाजाने कान झाकून बसला होता. मी म्हणाले, "याला काहीच कळत नाही हो."

त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. झोपला आहे असं मला वाटलं. मग अंधारात माझाच आवाज आला. तोच सूर, शेवटच्या 'हो'वर तेच ओशाळं वजन. "याला काहीच कळत नाही हो."

पुढचे कित्येक महिने ते वाक्य आमच्या घरात राहिलं. दूध सांडलं की तो ते म्हणायचा. चपलेचा पट्टा तुटला की म्हणायचा. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं ही ऑटिझममधली नेहमीची गोष्ट. लोक त्याला पोपटपंची म्हणतात. पोपटपंची असती तर त्याने त्या दिवशीचं दुसरं कुठलंही वाक्य उचललं असतं, रांगेतल्या माणसांचं, रिक्षावाल्याचं. त्याने ते एकच उचललं, आणि काही बिनसलं की तेवढंच बाहेर काढायचा. स्वतःबद्दल आईचं मत काय आहे ते त्याला पाठ झालं होतं.

मी तिथे खोटं बोलले नसते, तरी आमचं काम झालं असतं. हे मी नंतर पुष्कळदा मनात लिहून पाहिलं. "रात्री तीनला उठतो. हात चावतो. डाव्या मनगटावर वण आहे, बघा. अनोळखी माणसाने हात धरला तर रस्त्यावर झोपतो. रस्ता एकट्याने ओलांडू शकत नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि मूल्यमापन करणाऱ्याला 'काहीच कळत नाही'पेक्षा शंभरपट उपयोगी होता. तासगावच्या बाईंना मी पहिल्यांदा हेच सांगेन. आपलं मत सांगू नका, काय घडतं ते सांगा: किती वेळा, केव्हा, कशानंतर. मत ऐकून मुलाला लाज वाटते. घडलेलं सांगितलं तर त्याला वाटत नाही, निदान तितकी तरी नाही. आणि बोलण्याआधी त्याला सांगा, "मी आता तुझ्याबद्दल साहेबांशी बोलणार आहे." तो ऐकत नाही असं दिसलं तरी सांगा. मी आता त्याच्याबद्दल जे काही बोलते ते तो समोर बसलाय असं धरूनच बोलते, तो दुसऱ्या गावाला असला तरी.

आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, सीतास्वयंवराचा खेळ केला. त्या खेळांत पदं सगळी सूत्रधार म्हणायचा, आख्यान तोच पुढे न्यायचा. पात्रांना लिहून दिलेले संवाद नसत. सूत्रधाराचं गाणं थांबलं की ती आपल्या मनाने बोलत. शाळेत शिकवलेली ही गोष्ट मला प्रमाणपत्राच्या त्या रात्रीनंतर वेगळ्याच अर्थाने आठवायला लागली. मी सूत्रधार झाले होते, ठीकच होतं, कुणीतरी व्हायलाच हवं होतं. पण मी गाणं थांबवतच नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, मी उत्तर दिलं. पाहुण्यांनी विचारलं, मी. त्याला विचारलेला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी मी वाटेतच झेलायचे.

थांबणं मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. मुलगा लहानपणी बोलत नसे. काही हवं असलं की समोरच्याचं मनगट धरून त्याचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा. थेरपीच्या भाषेत हे लक्षण आहे, तक्त्यात त्याच्यापुढे खूण होते. सासरे मात्र त्याचा हात हातात घेऊन शांत बसायचे. म्हणायचे, "पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. हजारोंचे सौदे. त्या लोकांना बोलता येत नाही असं कोण म्हणालं नाही कधी." नातू बोट दाबायचा, आजोबा वाट बघायचे. हवं ते बोलण्याऐवजी दाखवायची चित्रांची कार्डं आमच्या घरात त्यानंतर दोन वर्षांनी आली, आणि मिरजेच्या वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंनी ती कशी वापरायची हे समजावलं तेव्हा मला वाटलं, हे तर रुमालाखालचंच. सासरे चौथी शिकलेले होते.

आता भाषेचं सांगते. याच्यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण याबद्दल कुणी बोलत नाही.

मी पुण्यात वाढले. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "थांब, मी येतो." आणि मी मागे कोण पुरुषमाणूस आला म्हणून वळून बघितलं. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. माझ्या मुलाने 'मी जातो'ऐवजी 'मी जाते' म्हणायला सुरुवात केली, कारण तो माझी वाक्यं उचलत होता. अमेरिकेत लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञांनी 1943 मध्ये ज्या 11 ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, त्यांतही हे होतं: मूल ऐकलेली सर्वनामं तशीच परत म्हणतं, म्हणून 'मी'च्या जागी 'तू' येतं. इंग्रजीत गोंधळ तेवढ्यावर थांबतो. मराठीत क्रियापदही बाई-पुरुष सांगतं, त्यामुळे आमच्या मुलांच्या बोलण्यात आणखी एक थर असतो. नातेवाईक हसायचे, "पोरगीसारखा बोलतोय." मी समजावत बसायचे.

तासगावच्या त्या मुलीच्या बाबतीत याच्या उलट झालं. पाच वर्षांची असताना तिला एका मोठ्या शहरात तपासायला नेलं होतं. कुठे ते लिहीत नाही. अहवालात एक ओळ होती: मुलगी स्वतःसाठी पुल्लिंगी क्रियापदं वापरते, स्वतःच्या लिंगाची जाण दिसत नाही. आई अहवाल घेऊन रडत माझ्याकडे आली. "मी असं काय शिकवलं तिला?" तिने हे शिकवलं होतंच, कारण ती स्वतः तसंच बोलत होती, तिची सासू, तिच्या जावा, अख्खी आळी तसंच बोलत होती. पाच वर्षांच्या मुलीने आपल्या माणसांची भाषा अगदी बरोबर उचलली होती, आणि तिच्या खऱ्या अडचणींच्या यादीत ही एक खोटी अडचण जाऊन बसली होती. आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं. अर्ध्या पानाचं, आदराने, कुणाची चूक न काढता: आमच्या भागात स्त्रिया असं बोलतात, घरातल्या चार स्त्रियांची वाक्यं सोबत लिहून देत आहोत, कृपया ही नोंद पुन्हा पाहावी. पुढच्या अहवालात ती ओळ नव्हती.

ते पत्र लिहायला कुठली पदवी लागली? मला तर वाटतं, ते पत्र तिच्याशिवाय लिहिताच आलं नसतं. मी शब्द नीट बसवले, एवढंच. माहिती तिची होती. अशा कामाला गावची बोली येणं ही पात्रता आहे आणि ती विद्यापीठात मिळत नाही. गावातल्या आईला तिच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे आणि तिचे शब्द साहेबाच्या टेबलापर्यंत न सांडता नेता आले पाहिजेत.

टेबलांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. शाळा तोंडी नकार देते. "आमच्याकडे असली मुलं बसत नाहीत, तुम्हीच बघा दुसरीकडे." अशा वेळी आवाज चढतो, डोळ्यांत पाणी येतं. दोन्हींचा उपयोग होत नाही, मी दोन्ही करून पाहिलंय. अर्ज लिहायचा. 2016 च्या कायद्याचं कलम 31 लिहायचं: किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दोन प्रती काढायच्या, आवक शिक्का मारून पोच घ्यायची. आणि शांतपणे म्हणायचं, "नकार असेल तर तोही लेखी द्या." माझ्या अनुभवात लेखी नकार कुणी देत नाही. पण शिक्षिकेवर हे कागद पहिल्या दिवशी फेकायचे नसतात. वर्गात 50 मुलं आहेत, मदतनीस नाही, तिलाही भीती वाटते. आधी तिला विचारायचं, "बाई, तुम्हाला सगळ्यात अवघड काय जातंय?" मी हे विचारलं तेव्हा ती बाई म्हणाली, "मधल्या सुट्टीची घंटा. तो कान धरून ओरडतो आणि मग सगळा वर्ग बिथरतो." घंटेच्या आधी दोन मिनिटं त्याला व्हरांड्याच्या टोकाला पाठवायचं ठरलं. वर्षभर तेवढ्यावर भागलं.

माहिती खरी हवी, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. लसीमुळे ऑटिझम होतो हा निरोप दर दोन वर्षांनी कुणीतरी पाठवतंच. 1998 मध्ये इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 12 मुलांवरचा जो निबंध छापला त्यातून ही भीती पसरली, 2010 मध्ये त्या नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि त्यांची वैद्यकीय नोंदणीही त्याच वर्षी गेली. अंगणवाडीत बायकांपुढे बोलताना हे एवढंच सांगितलं तरी पुरतं. आयांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. माझ्या मुलाचं निदान झालं तेव्हा एका जवळच्या बाईंनी विचारलं होतं, "तू नोकरी करत होतीस ना गं?" हा दोषही बाहेरून आलेला आहे. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं कॅनर यांच्यानंतर वीसेक वर्षं भलेभले तज्ज्ञ मानत होते. ते खोडून काढणारं पुस्तक 1964 मध्ये लिहिलं बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि ऑटिस्टिक मुलीची आई. आपल्याकडे मेरी बरुआ यांनी 1991 मध्ये दिल्लीत संस्था सुरू केली, तीही मुलासाठी धडपडताना. पालकांनी अभ्यास करून बोलायला सुरुवात केली म्हणून आज माझ्यासारखीला मान वर करून बसता येतं.

पण 1993 मध्ये टोरांटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांनाच उद्देशून जे सांगितलं ते वाचून मी दोन दिवस गप्प होते. त्याचा गाभा असा, की तुमचा शोक आहे तो तुम्हाला अपेक्षित असलेल्या, कधी न जन्मलेल्या मुलाचा. तो जरूर करा, पण बाजूला कुठेतरी. जे मूल समोर जिवंत आहे त्याला त्या शोकाचं ओझं देऊ नका. मला माझं ते वाक्य आठवलं, त्याने भिंतीकडे तोंड करून म्हटलेलं.

मग 2019 चा ऑगस्ट आला. आम्ही गावभागात राहतो. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. रात्री बोटीतून निघालो आणि विश्रामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये येऊन पडलो. तीनशे माणसं, जनरेटर, ओल्या कपड्यांचा वास, भोंग्यावरून सूचना. मुलगा तेरा वर्षांचा. तो भिंतीवर डोकं आपटू लागला तेव्हा मी नेहमीसारखं समजावायला सुरुवात केली, "ऑटिझम म्हणजे ना, यात मेंदूची..." एक स्वयंसेवक मुलगा, विशीतला, चिखलाने माखलेला, मला मध्येच थांबवून म्हणाला, "काकू, काय करायचं तेवढं सांगा." मी सांगितलं: अंधारी जागा, भोंग्यापासून लांब, त्याला हात लावू नका, खिचडी नको, बिस्किटं द्या. दहा मिनिटांत प्रयोगशाळेच्या खोलीत आमची सोय झाली. तिथे त्याने रात्रभर सूचनेतली एकच ओळ म्हटली, त्या भोंग्याच्याच आवाजात: "आयर्विन पूल, पाणी पातळी, फूट."

'किती फूट' तेव्हापासूनचं आहे. नंतर एकांनी सल्ला दिला की त्या प्रश्नाला उत्तर देऊ नका, सवय मोडेल. मी आठवडाभर दिलं नाही. आठव्या दिवशी त्याने माझा हात धरून मोबाईलवर नेऊन ठेवला, तीन वर्षांचा असताना ठेवायचा तसा. तो पाण्याचा आकडा विचारत नव्हता. पुन्हा बोटीत बसावं लागेल का, हे विचारत होता. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी उत्तर देते आणि पुढे जोडते, "आज घरीच झोपायचं."

तो अठरा वर्षांचा झाल्यावर आणखी एक कळलं, की आता कायद्याने मी आपोआप त्याची पालक नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालक नेमते. 2016 चा कायदा मर्यादित पालकत्व म्हणतो: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्याच्या इच्छेला धरून आणि दोघांनी मिळून. अर्जाच्या तयारीत आहे मी. पण आधी त्याला स्वतःला काय काय करता येतं ते बघायचं, म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही बँकेत गेलो.

काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून विचारलं, "नाव काय याचं?"

"त्यालाच विचारा," मी म्हटलं. "उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो."

ते त्याच्याकडे वळले. "नाव काय?" मी खालच्या फरशीकडे बघत राहिले. मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं, दात घट्ट मिटून मी मनात आकडे मोजत होते. चौदापर्यंत आले.

"नाव काय," तो म्हणाला, आणि मग आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. गृहस्थांनी लिहून घेतलं. सहीची जागा दाखवण्यासाठी त्यांनी फॉर्म त्याच्याकडे वळवला, तेव्हा तो काचेजवळ वाकला.

"आयर्विनला आज किती फूट?"

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा वर करून बघितलं.

"एकवीस फूट, चार इंच," त्यांनी सांगितलं. आणि त्यालाच विचारलं, "तू कुठं राहतोस रे?"

"गावभाग," तो म्हणाला.

"मग एकवीस म्हणजे काय नाही," ते म्हणाले. "मीपण तिथलाच."